शब्दचर्चा : फ्रेंचमधलं 'देजने' म्हणजे न्याहारी की जेवण?

रात्री साडेनऊला भांडी विसळताना मी मॉन्ट्रियलचा, म्हणजे कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्युबेक प्रांतातल्या शहराचा, रेडिओ लावते. फ्रेंच शिकायला घेतल्यापासूनची सवय. उन्हाळ्यात त्या वेळी तिकडे दुपारचे बारा वाजलेले असतात. एकदा निवेदिका श्रोत्यांना म्हणाली, 'बों दिने'. 'दिने' म्हणजे रात्रीचं जेवण, असं मी वर्गात वहीत लिहून घेतलं होतं. आमची जेवणं नुकतीच उरकली होती, म्हणून कानाला काही खटकलं नाही. पातेलं पालथं घालताना एकदम लक्षात आलं, अगं, तिकडे तर भरदुपार आहे!

मग शोधत गेले. फ्रान्समध्ये सकाळची न्याहारी म्हणजे 'प्ती देजने', दुपारचं जेवण 'देजने' आणि रात्रीचं 'दिने'. क्युबेक, बेल्जियम आणि फ्रेंचभाषक स्वित्झर्लंडमध्ये मात्र सकाळी 'देजने', दुपारी 'दिने' आणि रात्री 'सुपे'. तेच शब्द, पण एकेक घर अलीकडे. मॉन्ट्रियलच्या एका व्हिडिओत उपाहारगृहाच्या काचेवर 'देजने दिवसभर मिळेल' अशी पाटी दिसली, तेव्हा दुपारचं जेवण दिवसभर कसं, हे कोडं पडलं होतं. तेही सुटलं. पाटी अंड्यांची आणि टोस्टची होती.

मला खरी गंमत वाटली ती व्युत्पत्तीत. 'जन' म्हणजे उपास. 'देजने' म्हणजे उपास सोडणं. म्हणजे आपलं पारणंच की! रात्रभराचा उपास सकाळी सुटतो, म्हणून मुळात हा शब्द न्याहारीचा. 'दिने'सुद्धा त्याच लॅटिन मुळातून आलेला, दोघे सख्खे भाऊ. पुढे पॅरिसमध्ये जेवणाच्या वेळा उशिरा उशिरा होत गेल्या. 'दिने' संध्याकाळकडे सरकलं, 'देजने' दुपारवर आलं आणि सकाळच्या घासासाठी शब्दाआधी 'प्ती', म्हणजे छोटं, असं विशेषण लावावं लागलं. क्युबेक-बेल्जियमवाल्यांनी जुनी घडी मोडली नाही. फ्रान्समध्येही उत्तरेकडची आणि खेड्यांतली जुनी माणसं दुपारच्या जेवणाला 'दिने' म्हणतात. तेव्हा क्युबेकच्या बोलीला 'चुकीचं फ्रेंच' म्हणणं मला अजिबात पटत नाही. जुनेपणाचा मान त्यांचाच.

मराठीतलं 'फराळ' घ्या. फलाहार म्हणजे उपासाचं खाणं. तोच शब्द आज चकली, चिवडा, करंज्यांच्या ताटावर जाऊन बसला आहे आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. उपासाचा फराळ आणि दिवाळीचा फराळ सुखाने एकत्र नांदतात. 'देजने'चं तसंच समजावं.

'सुपे' तर मला फार आवडतो. 'सूप' म्हणजे मुळात पातळ पदार्थ नव्हेच. रश्शात भिजवायचा पावाचा तुकडा तो 'सूप'. आपण भाकरी आमटीत कुस्करतो ना, त्याच घरचा हा शब्द. फ्रान्समध्ये 'सुपे' आता उरलं आहे ते नाटक वगैरे बघून आल्यावर उशिरा खाण्यापुरतं.

प्रश्न असा : मराठीत भाषांतर करताना 'देजने'ला काय लिहावं?

प्रतिसाद : पात्र कुठलं आहे ते बघा आणि नुसती वेळ लिहा. बेल्जियममधल्या लिएजची आजी असेल तर 'न्याहारी', फ्रान्समधल्या लियाँची असेल तर 'दुपारचं जेवण'. 'पारणं' छान आहे, पण त्याला एकादशीचा वास आहे, ते तिथे चालणार नाही. आकड्यांचंही असंच होतं हो. मी काँगोची राजधानी किन्शासा इथला रेडिओ ओकापी ऐकतो. तिथे नव्वदला 'नोनांत' म्हणतात, बेल्जियमसारखं, कारण राज्य बेल्जियमचं होतं. फ्रान्समध्ये मात्र 'कात्र-व्हँ-दीस', चार विसा आणि दहा. नव्याण्णव म्हणजे चार विसा, दहा, नऊ! शिकवणाऱ्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा सगळा वर्ग कपाळाला हात लावून बसला. मला मात्र आजी आठवली. ती गोवऱ्या अशाच मोजायची, 'तीन विसा आणि वर सात'.

मूळ लेखिका : किती छान! पॅरिसमध्ये अंधांसाठी उभारलेलं एक जुनं रुग्णालय आहे, तेराव्या शतकात नवव्या लुईने स्थापलेलं. त्याचं नावच 'कँझ-व्हँ', पंधरा विसा, कारण ते तीनशे अंधांसाठी होतं. म्हणजे विसांनी मोजणं तिथेही पूर्वी याहून मोठ्या आकड्यांपर्यंत जायचं. वेळ बघून लिहायची तुमची सूचना मान्य, तसंच करीन.

एक शब्द अजून अडला आहे. क्युबेकमध्ये कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाला 'देपानर' म्हणतात. दूध, पाव, बिअर, सगळं मिळतं, रात्री उशिरापर्यंत उघडं. फ्रान्समध्ये 'देपानर' म्हणजे बंद पडलेली गाडी किंवा यंत्र दुरुस्त करायला येणारा माणूस. मी 'वाणी' लिहिलं होतं, पण वाणी तर महिन्याचं सामान भरून देतो. 'किराणा दुकान'ही तसंच.

प्रतिसाद : क्रियापदापासून सुरुवात करा. 'देपाने' म्हणजे अडलेल्याची नड भागवणं. गाडी अडली तरी तेच, रात्री दहाला दूध संपलं तरी तेच. म्हणून 'अडीनडीचं दुकान' लिहा, जरा लांब होतं पण अर्थ नेमका बसतो. आणि एखाद्या फ्रेंच मालिकेत मित्र मित्राला म्हणाला, 'दहा युरोंनी मला देपाने करशील का', तर तिथे डोळे मिटून 'हातउसने' लिहा.