एक्सरे नॉर्मल, तरी हाडात इन्फेक्शन असू शकतं का?

ऐरोलीकर:
बाबा ६४ वर्षांचे, शुगर १५ वर्षांपासून. गणपतीत नवीन चप्पल चावली, पायाच्या अंगठ्याखाली फोड आला, फुटला, आणि आता महिना होऊन गेला तरी भरत नाहीये, वर खपली धरते की दोन दिवसांनी मोज्याला परत पिवळा डाग. अंगठा गाजरासारखा लाल आणि जाड झालाय. ताप नाही, दुखतही नाही म्हणतात, रोज सेक्टरला दोन फेऱ्या मारतात. एक्सरे नॉर्मल आहे तरी डॉक्टर म्हणतात एमआरआय करा, हाडापर्यंत गेलं असेल. बाबा म्हणतात उगाच खर्च. करायचा का?

कळवेकर:
एक्सरे कधीचा आहे?

ऐरोलीकर:
फोड फुटला त्याच आठवड्यातला.

कळवेकर:
मग तो धरूच नका हो. हाडातलं कॅल्शियम बऱ्यापैकी कमी झाल्याशिवाय एक्सरेत काही दिसतच नाही, त्याला दोन आठवडे तरी जातात, एमआरआयमध्ये आधीच कळतं. आमच्या आईचं सेम, फक्त टाचेला. डॉक्टरांनी जखमेत बोथट सळई हळूच घातली, आत कडक काहीतरी लागलं, आणि आई मजेत गप्पा मारतेय! तेव्हाच ते म्हणाले हाडाला पोचलंय. दुखत नाही हीच तर भानगड, शुगरने पायाच्या नसा बधिर होतात. आणि त्या फेऱ्या आधी बंद करा, त्या जागेवर वजन पडलं तर जखम भरणार कशी.

लॅबवाली ठाणे:
लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही. ईएसआर, सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) केलं का? पायाला अशी जखम आणि ईएसआर ७० च्या वर असेल तर हाडाचा संशय बळावतो, पण नुसत्या रक्तावरून पक्कं होत नाही. पक्कं करायचं तर हाडाचा तुकडा कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायला. वरवरचा पू स्वॅबवर (कापसाच्या काडीवर) घेऊन पाठवतात त्यात कातडीवरचे जंतू पण येतात, आतला कोण ते कळत नाही (बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस असतो). आणि प्लीज मेडिकलमधून मनाने अँटिबायोटिक देऊ नका, मग कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि कोणतं औषध लागू पडेल ते समजत नाही.

ऐरोलीकर:
अय्यो, पाच दिवसांचा कोर्स झालाय मनानेच. मागच्या आठवड्यात संपला.

लॅबवाली ठाणे:
औषधाचं नाव आणि तारखा डॉक्टरांना सांगा, लपवू नका. त्यांना त्याप्रमाणे ठरवता येतं.

घोडबंदर रोड:
ट्रीटमेंट किती दिवस चालते?

कळवेकर:
आईला सहा आठवडे, आधी सलाइनमधून मग गोळ्या. मेलेलं हाड असेल तर ते काढावं लागतं, नुसत्या औषधाने जात नाही कारण तिथे रक्तच पोचत नाही. अंगठा काळा पडला, ताप आला किंवा लाली वर पायावर चढायला लागली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सी.

ऐरोलीकर:
एमआरआयची शनिवारची वेळ घेतली. चप्पल लपवून ठेवलीय, बाबा सकाळपासून शोधतायत.