स्पिटफायरच्या इंजिनांची ताकद: कोणता आकडा धरायचा?

तपोवन_मॉडेलर:
नाशिकमध्ये कॉलेजच्या प्रदर्शनासाठी स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचा फलक करतोय, सोबत कॉकपिटचं मॉडेल. स्तंभालेखासाठी काढलेले आकडे असे (मार्क म्हणजे विमानाची आवृत्ती, कंसात तिचं इंजिन): मार्क १ (मर्लिन ३) १,०३० एचपी (अश्वशक्ती), मार्क ५ (मर्लिन ४५) १,५१५, मार्क ९ (मर्लिन ६६) १,७२०, मार्क १४ (ग्रिफन ६५) २,०३५. पण मर्लिन ३ ला दुसरीकडे १,३१० दिलेत आणि मार्क ९ ला १,५६५. खरे कोणते?

ओझरकर:
सगळेच खरे आहेत, आणि म्हणूनच ते असे शेजारी शेजारी उभे करू नका. प्रत्येक आकड्यासोबत बूस्ट (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा प्रमाण दाबाहून जास्तीचा दाब, दर चौरस इंचाला पौंडांत), उंची आणि सुपरचार्जरचा (ती हवा दाबून भरणाऱ्या पंपाचा) गिअर लिहिला नसेल तर तुलना फसते.

मर्लिन ३ घ्या. ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलवर +६¼ पौंड बूस्ट, १६,२५० फुटांवर १,०३० एचपी. १०० ऑक्टेन आल्यावर त्याच इंजिनाला +१२ पौंड देता येऊ लागले आणि ९,००० फुटांवर १,३१० मिळाले. ८७ वर एवढा दाब दिला असता तर डेटोनेशनने (सिलिंडरमध्ये इंधनाचा अनियंत्रित स्फोट होऊन) पिस्टन गेले असते. मात्र १६,००० फुटांवर या बदलाचा जवळजवळ काहीच फायदा नाही. तिथे थ्रॉटल आधीच पूर्ण उघडलेला असतो, सुपरचार्जरला याहून जास्त दाब देताच येत नाही. ज्या उंचीपर्यंत ठरलेला बूस्ट टिकतो ती फुल थ्रॉटल हाइट. त्याच्या वर गेलात की ताकद घसरते.

आता मार्क ५ आणि पहिले मार्क ९ बघा. मर्लिन ४५: +१६ पौंडाला ११,००० फुटांवर १,५१५. मर्लिन ६१: +१५ पौंडाला १२,२५० फुटांवर १,५६५. फरक फक्त ५० एचपीचा! तरीही जर्मन फॉकेवुल्फ १९० या लढाऊ विमानाच्या तुलनेत कमी पडणाऱ्या मार्क ५ ची जागा मार्क ९ ने घेतली ती याच इंजिनाच्या जोरावर. मर्लिन ६१ ला दोन टप्प्यांचा, दोन गिअरचा सुपरचार्जर आणि इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) आहे. वरच्या गिअरमध्ये तो २३,५०० फुटांवरही १,३९० एचपी देतो. त्या उंचीवर एकाच टप्प्याचा मर्लिन ४५ कधीच ढेपाळलेला असतो. तुमच्या स्तंभालेखात नेमकी हीच गोष्ट दिसणार नाही. आडव्या अक्षावर उंची, उभ्यावर एचपी घेऊन रेषा काढा.

सातपूर_टूलरूम:
६१ आणि ६६ मधला फरक मुख्यतः सुपरचार्जरच्या गिअरच्या प्रमाणाचा आहे. ६१ मध्ये ६.३९ आणि ८.०३, ६६ मध्ये ५.७९ आणि ७.०६. म्हणजे ३,००० आरपीएमला वरच्या गिअरमध्ये ६१ चा इंपेलर (सुपरचार्जरमधलं हवा दाबणारं चाक) मिनिटाला सुमारे २४,१०० फेरे घेतो, ६६ चा २१,२००. इंपेलर फिरवायला लागणारी ताकद क्रँकशाफ्टकडूनच जाते आणि ती साधारण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्यामुळे ६६ खालच्या आणि मधल्या उंचीवर जोरदार (१,७२० एचपी, +१८ पौंड, ५,७५० फूट), तर खूप वर ६१ सरस. ६६ हे ६१ चं ‘सुधारित’ रूप आहे असं फलकावर लिहू नका. उंची बदलली, काम बदललं.

पंचवटी_एरो:
जर्मन इंजिन जोडणार असाल तर एकक सांभाळा. डेम्लर-बेंझच्या डीबी ६०५ए चे १,४७५ हे पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) आहेत. १.०१४ ने भागा, सुमारे १,४५५ एचपी येतात. अमेरिकी तक्त्यांत दाब पाऱ्याच्या इंचांत असतो: बूस्टमध्ये १४.७ मिळवा आणि २.०४ ने गुणा. +१८ पौंड म्हणजे जवळपास ६७ इंच.

तपोवन_मॉडेलर:
मनापासून आभार, रेषालेखच करतो. कॉकपिटमध्ये इंजिन बंद असताना बूस्टचा काटा शून्यावर ठेवायचा ना?

ओझरकर:
समुद्रसपाटीवर हो, नाशकात नाही. या गेजचं शून्य म्हणजे १४.७ पौंडांचा प्रमाण दाब, भोवतालची हवा नव्हे. आपण सुमारे ६०० मीटरवर, इथे दाब १३.७ पौंडांच्या आसपास. काटा उणे १ वर ठेवा.

आणि मार्क १४ चं मॉडेल असेल तर प्रोपेलर तपासा. ३६.७ लिटरचा ग्रिफन २७ लिटरच्या मर्लिनच्या उलट फिरतो: कॉकपिटमधून पाहिलं तर मर्लिन घड्याळाच्या दिशेने, ग्रिफन विरुद्ध. त्यामुळे उड्डाणाच्या वेळी मर्लिनचं विमान डावीकडे ओढायचं, ग्रिफनचं उजवीकडे. पाच पात्यांचा पीळही उलटाच हवा. मर्लिनची पाती तिथे चालणार नाहीत.