सार्वजनिक जागी धूम्रपान: बंदी दारापाशी का संपते?

वाटसरू
बंद जागेत सिगरेट नको, यावर आता फारसा वाद नाही. आयर्लंडने २००४ मध्ये पबसकट सगळ्या कामाच्या जागा धूरमुक्त केल्या तेव्हा धंदा बुडणार म्हणून ओरड झाली होती. नंतर कितीतरी देश त्याच वाटेने गेले. माझा प्रश्न दाराबाहेरचा आहे. आत बंदी आली आणि घोळका दारात येऊन उभा राहिला. दम्याचा त्रास असलेल्या माणसाने त्यातूनच आत जायचं. बसथांब्यावर तर रांग सोडून दूरही जाता येत नाही. फ्रान्सने जून २०२५ च्या अखेरीपासून बसथांबे, बागा, समुद्रकिनारे आणि शाळांभोवतीचा परिसर धूरमुक्त केला. इटलीतल्या मिलान शहरात उघड्यावरसुद्धा इतरांपासून १० मीटर लांब जावं लागतं. असे नियम सगळीकडे हवेत.

पिंपळपान
मी सिगरेट ओढतो. आतली बंदी मला पूर्ण मान्य आहे, पण उघड्यावर धूर काही मीटरमध्येच विरळ होतो. बंद खोलीतले निष्कर्ष मैदानाला कसे लावता? सरकार सिगरेट विकू देतं, तिच्यावर कर घेतं आणि ओढायला मात्र कुठेच जागा ठेवत नाही, हे मला पटत नाही. शेवटी लोक घरी ओढतील, मुलांसमोर. त्यापेक्षा टोकियोच्या चियोदा भागासारखं करा. तिथे २००२ पासून रस्त्यावर ओढलं तर दंड आहे, पण ओढण्यासाठी जागा नेमून दिल्या आहेत.

वाटसरू
मुलांचं म्हणाल, तर स्कॉटलंडमध्ये हे मोजून झालंय. बंद जागांमधल्या २००६ च्या बंदीनंतर शाळकरी मुलांच्या लाळेतलं कोटिनिन, म्हणजे शरीरात गेलेल्या निकोटिनची खूण, तपासलं. ते घटलेलं निघालं. घराबाहेर मनाई झाली की घरीही ओढू नये असं लोकांना वाटू लागतं, असं मला वाटतं. आणि जपानचं चित्र अर्धंच सांगितलंत. रस्त्यावर दंड होता त्या काळात तिथल्या हॉटेलांत धूर कोंडलेला असायचा. देशभरचा कायदा पूर्ण लागू झाला एप्रिल २०२० मध्ये, त्यातही जुन्या छोट्या हॉटेलांना सूट दिली.

सांजवात
मी स्मोकिंग रूम असलेल्या ठिकाणी नोकरी केली आहे. काच लावली, पंखा बसवला की काम झालं, असं मालकांना वाटतं. पण ॲशट्रे रिकामे करायला आत कुणीतरी जातंच ना? शिवाय दार उघडलं की धूर बाहेर. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, २००६ च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय की दुसऱ्याच्या धुराची कुठलीही पातळी सुरक्षित नाही, आणि वेगळी जागा किंवा हवा खेळती ठेवण्याची यंत्रणा यांनी धोका पुरता जात नाही. ग्राहक तासाभराने उठून जातो, कामगार पूर्ण पाळी तिथेच असतो. त्यामुळे जागा नेमायच्याच तर उघड्यावर नेमा, इमारतीत नको.

पिंपळपान
हे मान्य. इमारतीतल्या खोलीचा आग्रह मी धरत नाही. दारं, बसथांबे, खेळाची मैदानं सोडायलाही तयार आहे. पण मोकळ्या रस्त्याच्या कडेला, आसपास कुणी नसताना, दंड कशासाठी? तिथे कुणाचं संरक्षण होतंय?

वाटसरू
तिथे दंड नकोच. मिलानमध्येही लांब उभं राहणाऱ्याला मुभा आहे. अंतर ठरवा, ते जमिनीवर रंगाने आखा आणि तिथेच थोटकं टाकायची पेटी ठेवा. ‘दारापासून दूर’ एवढ्या मोघम पाटीकडे कुणी बघत नाही.