नवी हार्ड डिस्क आधीच फॉरमॅट करून ठेवली, आता विंडोज बसेना

पत्रिकावाला_बार्शी:
मंडळी, बार्शीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स. पीसी २०१४ चा, चौथ्या पिढीचा आय-थ्री. गेल्या आठवड्यात जुनी ५०० जीबीची डिस्क टक् टक् वाजायला लागली, एक फोल्डर उघडायला दोन-दोन मिनिटं. म्हणून १ टीबीची नवी आणली. वर शहाणपणा असा की शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या मशीनला लावून सी, डी, ई असे तीन भाग पाडले आणि एनटीएफएस फॉरमॅट मारून ठेवली. आता पेनड्राइव्हवरून विंडोज १० टाकायला बसलो, तर डिस्क निवडली की खाली सूचना येते: या डिस्कवर एमबीआर आहे, ईएफआय मशीनवर विंडोज फक्त जीपीटी डिस्कवरच बसतं. अहो, फॉरमॅट तर केलंय! तिथलं फॉरमॅटचं बटणही दोनदा दाबलं, ढिम्म. चार दिवसांत दोन पत्रिका द्यायच्यात, मुलीचे वडील रोज येऊन खुर्चीत बसतात.

स्क्रूड्रायव्हर:
दादा, फॉरमॅट होतो तो एकेक भाग. कुठला भाग कुठून कुठपर्यंत, हे लिहिलेला तक्ता तसाच राहतो. खोल्यांना रंग दिला म्हणून सातबारा बदलत नाही. त्या मशीनवर तक्ता जुन्या एमबीआर पद्धतीचा पडला, तुमचा पेनड्राइव्ह यूईएफआयमधून, म्हणजे पीसी सुरू करायच्या नव्या पद्धतीने सुरू झालाय (सूचनेतलं ईएफआय तेच), त्याला नव्या जीपीटी पद्धतीचा तक्ता हवा.
त्याच स्क्रीनवर त्या डिस्कचे तिन्ही भाग डिलीट करा. 'अनअलोकेटेड स्पेस' अशी एकच ओळ उरली की ती निवडून थेट नेक्स्ट. न्यू नको, फॉरमॅट नको. ईएफआयचा भाग, १६ एमबीचा राखीव भाग, सी ड्राइव्ह सगळं तो स्वतः करतो. म्हणजे नवी डिस्क आधी फॉरमॅट करायची गरजच नव्हती.
तरी अडला तर शिफ्ट+एफ१० दाबून कमांडची काळी खिडकी उघडा आणि एकेक आज्ञा टाइप करा: डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क आणि नंबर, क्लीन (हिने डिस्कवरचा तक्ताच पुसला जातो), कन्व्हर्ट जीपीटी.

माई_इनस्क्रिप्ट:
थांबा थांबा. जुनी डिस्क अजून आत जोडलेली आहे का? असेल तर आधी तिची केबल काढा. 'क्लीन' म्हटलं की 'नक्की ना?' असं तो विचारत नाही. डिस्क ० आणि डिस्क १ मध्ये गफलत झाली की दहा वर्षांचं काम गेलं. आमच्या ऑफिसात मी एकदा हे करून बसलेय, त्यामुळे सांगते.
आणि जुनीवर चेकडिस्क, म्हणजे डिस्कमधल्या चुका तपासणारा प्रोग्राम, चालवत बसू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला पळवण्यापेक्षा, ती चालतेय तोवर कामाच्या फाइली काढून घ्या.

पत्रिकावाला_बार्शी:
बाप रे, जोडलेलीच होती. काढली. क्विकऐवजी फुल फॉरमॅट केला असता तर चाललं असतं का?

स्क्रूड्रायव्हर:
नाही, तक्ता तोच राहिला असता. फुल फॉरमॅट व्हिस्टापासून अख्ख्या भागावर शून्यं लिहितो आणि खराब सेक्टर तपासतो. १ टीबीला दोनेक तास सहज जातात. डिस्क सेकंडहँड असती तर करा म्हटलं असतं.

पत्रिकावाला_बार्शी:
झालं! सगळं डिलीट, नेक्स्ट, पाऊण तासात डेस्कटॉप. ९३१ जीबी दाखवतंय, पण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, ते गणित आता मला पाठ आहे, दुकानदाराशी भांडलो नाही. नेट जोडल्यावर अ‍ॅक्टिव्हेशनही आपोआप झालं, मदरबोर्ड तोच म्हणून असेल.
मग पहिली पत्रिका उघडली. 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि आकडे! जुने, युनिकोडच्या आधीचे फॉन्ट, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेले, ते नव्या डिस्कवर कुठून असणार. जुनी डिस्क परत लावली, विंडोजमधल्या फॉन्ट्स फोल्डरातून एकेक उचलले. एकोणचाळीस आले, चाळिसाव्याला डिस्क टक् करून जी थांबली ती थांबलीच. राहिला तो नेमका 'शुभविवाह' लिहायचा जाड फॉन्ट. मुलीच्या वडिलांना दुसरा दाखवला. म्हणाले, हाच बरा दिसतोय.

माई_इनस्क्रिप्ट:
ते एकोणचाळीस आजच पेनड्राइव्हवर घ्या. आत्ता, दुकान बंद करायच्या आधी.