मदत हवी आहे: छोट्या घरासाठी कमी बिलाचा हीटर कोणता?

नमस्कार मंडळी. आम्ही निफाडला राहतो. इथली थंडी ठाऊकच असेल, द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. आईची खोली दहा बाय बारा. संधिवातामुळे पहाटे तिची बोटं मिटत नाहीत, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून बसते.

गेल्या वर्षी २००० वॅटचा पंख्याचा हीटर आणला. तासाला दोन युनिट! शिवाय बंद केला की दहा मिनिटांत खोली पुन्हा गार. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला लावला होता (चूक माझीच), प्लग वितळायचाच बाकी होता.

आता ८०० वॅटचा दांड्यांचा हीटर घ्यावा की तेलाचा? तेलाचा हळू तापतो, पण बंद केल्यावरही बराच वेळ ऊब देतो म्हणतात. पत्र्याखाली त्याचा उपयोग होतो का? की आधी पत्र्याखाली थर्माकोल मारून घेऊ? रात्री दोन आणि पहाटे दोन तास लागेल. आई म्हणते शेगडी ठेव, पण बंद खोलीत कोळसा नकोच.

कुणी वापरत असाल तर बिलात किती फरक पडला तेही सांगा.