अनुभव धागा: नास्तिक, अज्ञेयवादी की नुसतेच 'देव न मानणारे'?

ज्यांच्या कामात हा प्रश्न नेहमी येतो त्यांनी लिहावं. स्वतःची श्रद्धा कशी उडाली ते नको. व्याख्या कुठे अडते आणि कशी सुटते, तेवढंच.

प्रश्नावलीवाला
"देव मानता का?" एवढंच विचारलं की घोळ झालाच म्हणून समजा. दोन प्रश्न वेगळे ठेवा. देव आहे असं वाटतं का? आणि तो आहे की नाही हे माणसाला कळू शकतं का? दोन्हींना 'नाही' म्हणणारा पहिल्यामुळे नास्तिक असतो आणि दुसऱ्यामुळे अज्ञेयवादीही. उपास, सत्यनारायण यांचा रकाना तिसरा, कारण आईसाठी पूजेला बसणारे नास्तिक भरपूर.

सासरे शेजारी बसले असतील तर सूनबाईंचं उत्तर बदलतं. त्यावर यादीची युक्ती आहे. निम्म्या लोकांना साधी विधानं द्यायची, उरलेल्यांना तीच, वर 'मी देव मानत नाही' हे एक जास्तीचं. कोणतं लागू ते विचारायचं नाही, किती लागू तेवढा आकडा घ्यायचा. दोन गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे न मानणाऱ्यांचं प्रमाण. अमेरिकेत जर्व्हे (Gervais) आणि नाजले (Najle) या मानसशास्त्रज्ञांनी 2018 मध्ये असा अंदाज काढला, तो 26 टक्क्यांच्या आसपास आला. थेट विचारणाऱ्या पाहण्यांपेक्षा कितीतरी जास्त. मात्र नकारार्थी विधान घाईत वाचलं की लोक चुकीचं मोजतात, म्हणून हा आकडा सैलच धरावा.

दर्शनं शिकवणारी
आपली जुनी वाटणी देवावरून नव्हतीच. मनुस्मृतीत (2.11) वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. म्हणून जगाचा कर्ता ईश्वर खोडून काढणारे, पण वेद प्रमाण मानणारे मीमांसक कुमारिल भट्ट आस्तिकांत, आणि वेद न मानणारे जैन नास्तिकांत! 'आपल्याकडे नास्तिकांची मोठी परंपरा' असं कुणी म्हटलं की आधी माप विचारा. अज्ञेयवादाचं नाव इंग्रज जीवशास्त्रज्ञ हक्सलीने 1869 मध्ये दिलं, पण परलोकाबद्दल 'आहे' म्हणत नाही, 'नाही'ही म्हणत नाही, अशी भूमिका घेणारा संजय बेलट्ठिपुत्त बुद्धाच्या काळातला. आगरकरांनाही सरसकट नास्तिक म्हणतात. अज्ञेयवादी म्हणणं जास्त बरोबर.

बालमानसवाली
'मूल जन्मतः नास्तिक' हे तत्त्वज्ञ होलबाखने 1772 मध्येच लिहिलं. विश्वासाचा अभाव एवढीच व्याख्या असेल तर खरंय, पण मग पाटा-वरवंटाही नास्तिक.

'मूल जन्मतः श्रद्धाळू' हे उलट टोकही तपासा. दगड टोकदार का, असं विचारलं की लहान मुलं 'प्राण्यांना अंग खाजवता यावं म्हणून' अशा धर्तीची कारणं पसंत करतात, हे मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमनने दाखवलं. घाईत उत्तर द्यायला लावलं तर भौतिकशास्त्र-रसायनशास्त्रासारख्या विषयांतले शास्त्रज्ञही असल्या कारणांना जास्त वेळा मान डोलावतात (2013). यातून हेतू शोधायची खोड सिद्ध होते, देव नाही. गणपती की येशू, हे घरच शिकवतं. अमेरिकेतल्या 2021 च्या अभ्यासात अश्रद्धेशी सगळ्यात घट्ट संबंध निघाला तो याचा: लहानपणी मोठी माणसं श्रद्धेपायी खरोखर पदरमोड करताना, झीज सोसताना फारशी दिसली नव्हती. नुसत्या उपदेशाने भागत नाही.

फॉर्मवाला
थोडक्यात. सरकारी फॉर्मवर 'धर्म नाही' लिहिता येतं, मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये तसं सांगितलंय. पण वारसाहक्क त्याने बदलत नाही. दोघंही हिंदू घरातले असतील, तर विशेष विवाह कायद्याखाली लग्न करूनही हिंदू वारसा कायदाच लागतो. आणि 2011 च्या जनगणनेतले 'धर्म सांगितला नाही' वाले सुमारे 28.7 लाख लोक कृपया नास्तिकांत धरू नका. त्यांनी रकाना रिकामा सोडलाय, इतकंच.