खिडकीतला पोप

मुक्ता: आईसाठी 'ओल्सेन टोळी' या जुन्या डॅनिश विनोदी चित्रपटांना मराठी उपशीर्षकं करतेय. १९६८ ते १९८१ दरम्यान १३ भाग आले, दिग्दर्शक एरिक बालिंग. एगॉन तुरुंगातून सुटतो, बेनी आणि केल्डला नवा बेत सांगतो, तिजोरी फोडतो आणि बहुतेकदा परत आत जातो. सरकारी खाती आणि बड्या साहेबांची टर मनसोक्त. अशा खात्यांतल्या एका नगाला डॅनिशमध्ये 'स्क्रांकेपावे' म्हणतात. स्क्रांके म्हणजे काउंटर, पावे म्हणजे पोप. नियमावर बोट ठेवून लोकांना ताटकळवण्यात धन्यता मानणारा. मी 'बाबू' लिहिलं, तर भाऊ म्हणे हिंदी आहे. काय लिहू?

जुनादप्तरी: कारकुंडा. विषय संपला.

पणजीकर: कसा संपला? कारकुंडा साहेबाला घाबरतो, हा स्वतःच साहेब! कोकणीत पोपला 'पाप साएब' म्हणतात. 'काउंटरावरचो पाप साएब' घ्या.

घाटमाथा: आईंना कोकणी कळतं का, ते आधी विचारा. 'खिडकीचा मठाधिपती' म्हणा. मठ, गादी, शिष्य, सगळं आलं.

शुद्धमती: 'कारकून' फारसी आहे. 'लिपिक' असताना हा अट्टाहास का?

जुनादप्तरी: लिपिक फक्त जाहिरातीत भरतात हो, कचेरीत कारकूनच बसतो. फारसी हाकलायचं तर 'दप्तर'ही गेलं, मग पोरं शाळेत काय नेणार? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी कारकून जागचा हलला नाही. आमचे आजोबा मामलेदार कचेरीत होते, ते स्वतःच्या नोकरीला 'खर्डेघाशी' म्हणत.

शुद्धमती: म्हणून चुकीचं रूढ करायचं?

आरहूसवासी: उच्चार 'पावे' नाही, 'पेऽवे'च्या जवळ. आणि खरी कसोटी एगॉनच्या शिव्यांची आहे. चिडला की साथीदारांना 'हुंडेहोवेड' म्हणतो, म्हणजे कुत्र्याचं डोकं.

घाटमाथा: 'कुत्तरडोक्या'! मुक्ता, हे घ्याच.

मुक्ता: घेतलं. पण खिडकीवाल्याचं काय?

पणजीकर: खर्डेघाशीतला 'खर्डा' आणि मिरचीचा खर्डा एकच का हो?

जुनादप्तरी: दोन्ही 'खरडणे'वरून, माझ्या मते. एक कागदावर खरडतात, दुसरा तव्यावर.

घाटमाथा: तव्यावर खरडत नाहीत, तांब्याच्या बुडाने रगडतात. कोल्हापुरात या, दाखवतो.

शुद्धमती: खर्ड्यात शेंगदाणे घालणाऱ्यांनी व्युत्पत्ती सांगू नये.

जुनादप्तरी: शेंगदाण्याशिवाय खर्डा? मग त्याला ठेचा म्हणा!